चांदीच्या कोठ्यातली गोचिडं

प्रियंकाचा पुसदहून फोन आला तेव्हा तुळसाबाई चांदी गाईला पाणी पाजत होती. बादली तशीच खाली ठेवून तिनं फोन कानाला लावला.

"आई, अकरा तारखेले येतो आम्ही. चौदा एप्रिलची जयंती तिथंच करू. तवरिक बाळाले सव्वा महिना होऊन जाते."

"ये माय, ये. तुहे बाबा रोज इचारतात."

"येतो, पण आई..." प्रियंका अडखळली. "ते गोचिडाचं पाह्य ना काही. नाईतर मग मी नाई येत."

पुढचं तुळसाबाईला नीट ऐकूच आलं नाही. मागच्या खेपेला, गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यात, प्रियंका हौसेनं चार दिवस राहायला आली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी वेणी घालताना तिच्या कानामागं तुरीच्या दाण्याएवढं फुगलेलं गोचीड सापडलं. पोरीनं अशी किंकाळी फोडली की शेजारचे लोक धावत आले. त्याच संध्याकाळी जावई येऊन तिला घेऊन गेले. कान आठ दिवस सुजलेला होता आणि ती गोष्ट सासूनं गल्लीभर सांगितली होती.

आज तीस मार्च. मधे बारा दिवस होते.

तुळसाबाईनं फोन चोळीत खोचला, पदर कमरेला बांधला आणि चांदीचं शेपूट वर करून पाहिलं. खाली राखाडी मण्यांसारखी गोचिडं लगडलेली होती. ती एकेक ओढून दगडावर टाकू लागली आणि टाचेनं चिरडू लागली.

"कोनं फोन केला होता वं?" ओट्यावरून तिच्या नवऱ्यानं, उकंडानं विचारलं.

"प्रियंकानं. अकराले येऊन राह्यली."

उकंडा उठून उभाच राहिला. पाच वर्षांपूर्वी कपाशीवर फवारताना त्याला विषबाधा झाली होती. नऊ दिवस दवाखान्यात काढून तो जगला, पण नजर गेल्यासारखीच झाली. माणूस समोर आला तर सावली हलल्याएवढं त्याला दिसायचं. शेत तेव्हापासून बटईनं, अर्ध्या वाट्यानं, दिलेलं होतं.

"मंग मी काय करू?" त्यानं विचारलं.

"तुमी बसा. पायात येऊ नका म्हंजे झालं."

दुसऱ्या दिवशी वासरांना लस द्यायला जनावरांच्या डॉक्टर, अर्पिता मॅडम, गावात आल्या. तुळसाबाई त्यांना हाताला धरूनच घेऊन आली. मॅडमनी दगडावरचे रक्ताचे डाग पाहिले.

"असं चिरडू नका, काकू. साबणाच्या पाण्यात टाका. आणि गाईच्या अंगावर दिसतात ती थोडीच. बाकीची गोठ्यात, तुमच्या या कोठ्यात आहेत. मादी रक्त पिऊन खाली पडते, भिंतीच्या फटीत शिरते आणि हजारांनी अंडी घालते. नुसती गाय साफ करून भागत नाही."

"मंग?"

"भिंतीच्या फटी बुजवा, चुना मारा. अडगळ, पालापाचोळा अंगणाबाहेर काढा. कोंबड्या मोकळ्या सोडा, त्या टिपून खातात. गाईला कडुनिंबाच्या पाल्याच्या काढ्यानं धुवा. काढ्यानं कमी होतील, एका दिवसात मरणार नाहीत. वीस दिवसांनी पुन्हा हेच सगळं करा, कारण तोवर अंडी फुटतात. नाहीच आवरलं तर दवाखान्यात या, मी औषध देते."

वीस दिवस! तुळसाबाईच्या डोक्यात तेवढाच आकडा राहिला. वीस दिवस कुठून आणायचे?

तिनं कामाला सुरुवात केली आणि मग तिला बसताच येईना. कोठ्याला टेकून पऱ्हाट्यांचा, कपाशीच्या वाळक्या झाडांचा, डोंगर रचलेला होता, वर्षाचं सरपण. दोन दिवसांत तिनं एकटीनं तो उचलून वाडीच्या कुंपणापलीकडं नेला. हात खरचटून निघाले. पऱ्हाट्या काढल्या तशी खालची जमीन हलल्यासारखी वाटली, इतकी बारीक गोचिडं होती. कोंबड्या तिथंच दिवसभर चरत राहिल्या. घाटंजीच्या बाजारातून चुना आणला, भिजवला, भिंतींना दोन हात दिले. कडुनिंबाचा पाला हंड्यात उकळून चांदीला गळ्यापासून खुरापर्यंत धुतलं. दुसऱ्या दिवशी परत धुतलं.

उकंडा मधे मधे काठी टेकत यायचा. "दे ना, हंडा धरतो."

"पोळसान! बसा म्हटलं ना."

तो जाऊन बसायचा, पुन्हा उठायचा.

सहाव्या दिवशी चांदीच्या पोळीखाली, गळ्याच्या लोंबत्या कातड्यात, पुन्हा सात गोचिडं निघाली. सातव्या दिवशी खाटेच्या सुंभात एक सापडलं. बाळासाठी धुवून ठेवलेली मऊ लुगडी तुळसाबाईनं सगळी परत उकळून काढली. आता तिच्या अंगावर सारखं काहीतरी चालल्यासारखं व्हायचं. जेवता जेवता ती मान झटकायची, चोळीत हात घालायची. काहीच नसायचं. ताटावरून उठून ती कोठ्यात एक चक्कर टाकून यायची आणि भाकर तशीच वाळत पडायची.

शेजारचा शकील फवारणीचे पंप दुरुस्त करायचा. तो हे रोज कुंपणावरून पाहत होता.

"भाभी, कायले जीव काढून राह्यल्या? माह्या इथं कपाशीचं औषध पडेल हाये. दोन झाकणं बादलीत टाका, कोठ्यात मारा. एका दिवसात साफ."

"नाई रे बावा. आमच्या घरात ते नाव काढू नको."

"भाऊले कोण सांगते? तोंडाले फडकं बांधा, झालं."

ती नाही म्हणून आत गेली खरी. पण रात्रभर तेच डोक्यात राहिलं. नवव्या दिवशी सकाळी प्रियंकाचा पुन्हा फोन आला, "झालं का गं आई?" तुळसाबाई म्हणाली, "हो, झालं." फोन ठेवला, मागं वळली, तर चुना मारलेल्या पांढऱ्या भिंतीवरून दोन गोचिडं शांतपणे वर चढत होती.

दुपारी उकंडा झोपला. तुळसाबाई शकीलकडं गेली आणि बाटली पदराखाली घेऊन आली. कोठ्यासमोर बादली ठेवली. चांदीला बाहेर बांधलं. तोंडाला फडकं बांधलं आणि झाकण फिरवलं. आतलं अजून थेंबभरही ओतलं नव्हतं, तोच मागून काठीचा आवाज आला.

उकंडा दारात उभा होता. एक हात चौकटीला होता.

"काय हाये ते?"

"फिनाईल."

"तुळसा, मले दिसत नाई. पण हा वास मले माहीत हाये."

तिनं बाटली पदराआड धरली.

"पाच वर्सं झाली," तो म्हणाला. "कोणाच्या वावरात कोणी मारलं तरी मी झोपेतून उठून बसतो. तुले सांगतलं नाई कधी. चांदी आपलं अंग चाटते. तिचं दूध प्रियंका पिईन. लेकरू या अंगनात लोळन. आन् तू इथं हे ओतून राह्यली?"

"मंग काय करू मी?" तुळसाबाई एकदम ओरडली. "एकटीनं काय काय करू? पोरगी म्हनते, नाई येत! नऊ दिवस झाले, पाठ टेकली नाई मी. मरतच नाई ते!" आणि ती तिथंच बादलीशेजारी मटकन बसून रडू लागली.

उकंडानं चाचपडत येऊन तिच्या हातातलं झाकण घेतलं, बाटलीला घट्ट लावलं. मग कुंपणाकडं तोंड करून हाक मारली, "शकील!"

शकील आला तो मान खाली घालूनच. "भाऊ, माहीच चूक हाये. मीच म्हनलं होतं भाभीले."

"ने ते. आन् भाभीच्या हातावर साबन-पानी टाक आधी."

हात धुऊन झाल्यावर उकंडा म्हणाला, "चांदीले इकडं आन. एकटी करतो म्हनतेस ना, मले कोनी इचारलं काय?"

तो गाईपाशी उकिडवा बसला. तिच्या कानात बोट घालून हळूहळू फिरवलं, मग थांबला आणि नखानं एक गोचीड मुळापासून सरळ ओढून काढलं. ते तिळाएवढं होतं. तुळसाबाईनं तो कान आठ वेळा पाहिला होता. कासेच्या आणि मांडीच्या मधे, शेपटाच्या बुडाशी, खुरांच्या बेचक्यात त्याची बोटं फिरत राहिली. वाटीतलं साबणाचं पाणी काळं झालं. तुळसाबाई वाटी धरून बसली होती.

गाय तपासून झाली तसा तो कोठ्यात शिरला आणि भिंत चाचपत निघाला. गव्हाणीपाशी आल्यावर त्यानं खालच्या फळीमागं बोटं घातली आणि चटकन बाहेर काढली.

"तुळसा, पाह्य बरं इथं."

तिनं फोनचा उजेड पाडला. फळीच्या मागं, जिथं चुन्याचा कुंचला पोचलाच नव्हता, तिथं अंड्यांचे तपकिरी पुंजकेच्या पुंजके चिकटलेले होते. त्यांच्यात फुगलेल्या माद्या दडून बसल्या होत्या. शकीलनं पहार आणून फळी उपटली आणि आवाराबाहेर नेऊन जाळली. तुळसाबाईनं उकळतं पाणी ओतलं, तीन हंडे. मग माती, शेण आणि चुना कालवून ती फट बुजवली. उकंडा बोटानं दाबून पाहत होता, "इथं पोकळ हाये, आनखी भर."

अकरा तारखेला प्रियंका आली. सावळं, केसाळ पोर मांडीवर घेऊन उकंडा तासभर हललाच नाही. तुळसाबाई मात्र त्याच्याकडं धड पाहूही शकली नाही. तिची नजर भिंतीवरून खाटेवर, खाटेवरून जमिनीवर फिरत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हायचं तेच झालं. खाटेच्या पायावर एक गोचीड होतं आणि ते प्रियंकानंच पाहिलं.

प्रियंकानं कागदाच्या तुकड्यानं ते उचललं, साबणाच्या पाण्यात टाकलं. "एकच हाये, आई. मागच्या येळी किती होते."

"तू म्हनली होती ना, मी येत नाई..."

"सासूबाई बाजूले बसून होत्या, त्यायच्यासाठी म्हनलं. मी आलीच असती. तू काय करून घेतलं हे हातायचं?"

खाटेचे चारही पाय त्यांनी पाण्यानं भरलेल्या डब्यांत ठेवले. जयंती झाली, मिरवणूक झाली. बाळाला रोज आंघोळीच्या वेळी कानामागं, काखेत, जांघेत पाहायचं, असं प्रियंकानंच ठरवून टाकलं.

वीस दिवसांनंतरचं दुसरं धुणं महिन्याच्या शेवटी आलं. त्या दिवशी सकाळी तुळसाबाईनं हंडा चुलीवर चढवला, पाला टाकला आणि उकळी येईपर्यंत म्हणून ओट्यावर जरा आडवी झाली. डोळे उघडले तर ऊन डोक्यावर आलं होतं. ती धडपडत उठली. कोठा धुतलेला होता, भिंतीवर चुना ओला होता. चांदी निथळत उभी होती आणि प्रियंका तिला जुन्या गोणपाटानं पुसत होती.

"मले उठवलं काहून नाई?" तुळसाबाई ओरडली. "कान पाह्यले काय तिचे?"

"पाह्यले," कोठ्यातून उकंडाचा आवाज आला. "तीनच निघाले. झोप तू."

तिनं पदर कमरेला बांधायला घेतला. मग तो सोडून दिला आणि ती पुन्हा आडवी झाली.