माझ्यातल्या गोळ्या कुणीच मोजल्या नाहीत

मी एक जुनी पत्र्याची डबी आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा आपल्या उपयोगाचा अभिमान बाळगतात. छत्री पाऊस अडवल्याचे सांगते, खुर्ची पिढ्यांचा भार वाहिल्याचे. मला ते सुख नाही. मित्रांनो, माझा उपयोग फार झाला, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. साच्याचा एक ठोका बसला आणि माझा तळ तयार झाला, दुसरा बसला आणि झाकण. घसा बसल्यावर चघळायच्या वड्या माझ्यात भरून मला दुकानात पाठवण्यात आले. वड्या संपल्यावर खरे तर मी कचऱ्यातच जायची. पण एका बाईंनी मला धुतले, पुसले आणि आपल्या पांढऱ्या एप्रनच्या खिशात ठेवले. त्या रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करीत. सगळे त्यांना ताई म्हणत.

ताईंचे काम सूक्ष्मदर्शकावर. काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब पाहायचा आणि त्यातल्या पेशी एकेक करून मोजायच्या. यंत्रे होतीच, पण यंत्राला शंका आली की अखेरचा शब्द ताईंच्या डोळ्यांचा असे.

ताईंना अर्धशिशी होती. आधी डोळ्यांपुढे करवतीच्या दात्यांसारखी एक चमकती, थरथरती रेघ उमटे आणि दिसणाऱ्या जगाचा एक तुकडा गिळून टाकी. वीस-पंचवीस मिनिटांनी ती विरली की अर्ध्या कपाळात घण पडू लागत. मग उजेड सोसवत नसे, आवाज सोसवत नसे, फिनेलच्या वासानेही मळमळ उसळे. या दुखण्याला आपल्या भाषेने कधीच एक स्वतंत्र नाव देऊन ठेवले आहे. भाषेला जे कळले ते तिच्या भाषिकांना कळायला किती शतके लागतात, याचा मात्र कुणी अभ्यास केलेला दिसत नाही. कारण प्रयोगशाळेचे प्रमुख, ज्यांना सारे मोठे सर म्हणत, ते सुशिक्षित मराठीत म्हणायचे, "डोकंच दुखतंय ना? माझंही दुखतं. तुम्हा सगळ्यांमुळे दुखतं."

त्यांच्या या विनोदावर सगळे हसत. ताईही हसत, आणि खिशात हात घालून माझे झाकण उघडत.

मला भरणारे हात दोन होते आणि दोन्ही प्रेमळ होते, हे आधीच सांगते. पहिला ताईंच्या सासूबाईंचा. जेवणाचा डबा ओट्यावर विसरला तर त्यांना दुपारी आठवे. मी घरी राहिले तर मात्र त्या हातातली पळी तशीच घेऊन जिन्यापर्यंत धावत येत. "अगं, डबी! डबीशिवाय कुठे निघालीस?" दुसरा हात रक्त काढणाऱ्या सहकाऱ्याचा. त्याचे टोपणनाव सुईवाला. औषध कंपन्यांचे लोक त्याला गोळ्यांच्या फुकट नमुन्याच्या पट्ट्या देत आणि तो त्या ताईंच्या टेबलावर आणून ओती.

"घ्या ताई. कालच्या हिरवीनं नाही ना भागलं? आज ही लाल. एकदम कडक माल आहे म्हणे."

"अरे, तू सुया टोच. डॉक्टर कशाला होतोस?"

"डॉक्टर झालो असतो तर तुमच्यासारख्यांनी माझं ऐकलं असतं का?"

अशा रीतीने माझ्यात हिरवी, लाल, निळी आणि चंदेरी पट्टी एकत्र नांदू लागली. हिरवीने गुण आला नाही की ताई लाल घेत आणि औषध बदलले असे मानत. दररोज शेकडो माणसांच्या रक्ताची मोजदाद करणाऱ्या त्या खोलीत माझ्यातल्या गोळ्या कुणीच मोजल्या नाहीत. जे विकत घ्यावे लागत नाही ते मोजायचेही नसते, अशी आपली एक समजूत असते.

त्या प्रयोगशाळेची आणखी एक रीत होती. सकाळी सहा ते दहा उपाशीपोटी द्यायच्या नमुन्यांची गर्दी. रोगी उपाशी येत आणि रक्त देऊन बाहेर बिस्किटे खात. तपासणारे मात्र अकरापर्यंत तसेच राहत. उपाशी राहण्याची सूचना दारावर रोग्यांसाठी लावली होती. पाळत होत्या ताई. रिकाम्या पोटी गोळी, तिच्यावर चहा, चहावर दुसरी गोळी. पूर्वी महिन्यातून दोनदा येणारे दुखणे आठवड्यातून तीनदा येऊ लागले. पुढे ते केव्हा आले आणि केव्हा गेले हेच कळेना. मला वाटे, बरे झाले मी आहे. त्या समजुतीची लाज मला आजही वाटते.

एका सकाळी ताप आलेल्या चार वर्षांच्या मुलीचे रक्त आले. यंत्र म्हणाले, प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, फार कमी. नियमाप्रमाणे काच ताईंपुढे आली. त्याच क्षणी डावीकडून ती चमकती रेघ सरकत आली. मला कळले, कारण ताईंची बोटे माझ्यावर घट्ट आवळली. बाहेर रांग होती, वॉर्डातून दोनदा फोन येऊन गेला होता, आणि मोठे सर दारातूनच म्हणाले, "ताई, आज तरी वेळेवर द्या हो."

ताईंनी जेवढे दिसले तेवढे मोजले. आकडा यंत्राशी जुळला. अहवाल गेला.

वीस मिनिटांनी रेघ विरली, घण सुरू झाले आणि त्यांच्याबरोबर एक विचार आला. प्लेटलेट कधीकधी एकमेकींना चिकटून गठ्ठा करतात, आणि गठ्ठा यंत्राला मोजता येत नाही. तो पाहायला माणसाचा डोळा लागतो. पण त्या वेळी ताईंच्या डोळ्यांना काचेचा डावा भाग दिसतच नव्हता. गठ्ठे असते तरी दिसले नसते. तिकडे वॉर्डात त्या मुलीला दुसऱ्याचे रक्तघटक चढवण्याची तयारी सुरू झाली असणार.

बोलावे, तर सूक्ष्मदर्शक जाणार. दिसत नसताना अहवाल देणारी बाई, असे नाव होणार. न बोलावे, तर एका लहान मुलीच्या शिरेत, कदाचित विनाकारण, रक्ताची पिशवी लागणार. ताईंनी माझे झाकण उघडले, मिटले, पुन्हा उघडले. माझ्या पत्र्याला घाम फुटत नाही. तो त्यांच्या तळहाताचा होता. मित्रांनो, माझ्यात त्या वेळी चार रंगांच्या गोळ्या होत्या, आणि धीराची एकही नव्हती.

मग त्या उठल्या. भिंतीला धरून मोठ्या सरांच्या दारापर्यंत गेल्या.

"सर, वॉर्डात फोन करा. रक्त चढवू नका म्हणावं. तो अहवाल माझा आहे आणि तो ग्राह्य धरू नका."

"म्हणजे? तुम्हीच पाहिलंत ना?"

"पाहिलं. पण अर्धंच दिसत होतं. मला असं होतं, सर. चार वर्षं होतंय."

"चार वर्षं! आणि आज सांगताय?"

"सांगत होते. तुम्ही हसत होता."

सर हसले नाहीत. वॉर्डाला फोन केला आणि स्वतः काच लावून बसले. डाव्या कडेला गठ्ठेच गठ्ठे होते. नव्या नळीत पुन्हा रक्त घेतले, आकडा चांगला निघाला. पिशवी वॉर्डाच्या दारातून परत आली. ताईंना त्याच दिवशी सूक्ष्मदर्शकावरून उठवून टेबलावर नोंदी करायला बसवण्यात आले. ते न्याय्य होते, आणि क्रूरही. ही दोन विशेषणे एकाच वाक्यात राहू शकतात हे मला त्या दिवशी समजले.

पुढच्या आठवड्यात मेंदूविकारांच्या डॉक्टरबाईंनी मला टेबलावर उपडी केले.

"या चार पट्ट्यांच्या मागची बारीक अक्षरं वाचा बघू."

ताईंनी वाचली. चारही पट्ट्यांवर तेच वेदनाशामक होते. नावे चार, रंग चार.

"महिन्यात किती दिवस घेता?"

"लागेल तेव्हा."

"तुम्ही पेशी मोजता ना? मग दिवस मोजा."

मोजले. बावीस भरले. डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, "अर्धशिशी खरीच आहे. मेंदूचा आजार आहे, नाटक नाही. पण अशा गोळ्या महिन्यात दहा-पंधरा दिवसांच्या वर घेत राहिलं, की काही महिन्यांनी त्यांच्यामुळेच डोकं दुखायला लागतं. तुमच्या या गोळ्या थांबवता येतील. दुखणं येऊच नये म्हणून वेगळं औषध देते. पहिले काही दिवस मात्र फार त्रास होईल. आणि दुसऱ्या कुणाला हे परस्पर सांगू नका, प्रत्येकाचं वेगळं असतं."

परत येताना ताई रिकाम्या मला हातात धरून बसल्या होत्या. आपण ज्याला विझवायला धावत होतो त्या आगीत आपणच तेल ओतत होतो, हे कळल्यावर एखाद्या डबीला काय वाटत असेल, याचे वर्णन मी टाळते.

ते दिवस खरोखर वाईट होते. खिडकीला जाड चादर, उशाशी बादली, कपाळावर ओला रुमाल. नवव्या दिवशी ताईंनी कण्हत मला चाचपले आणि उघडले. आत एक हिरवी पट्टी होती. सासूबाईंना पाहवले नव्हते, त्यांनी गुपचूप ठेवली होती. ताईंचा अंगठा पट्टीवर टेकला. मी झाकण मिटवून घेऊ शकले असते तर! पण आम्हा वस्तूंना तेवढेही करता येत नाही.

"आई," ताईंनी हाक मारली. "ही तुमच्याकडे ठेवा. मी रडले, भांडले, तरी देऊ नका."

सासूबाई दारात थिजल्या. "अगं, मला वाटलं, मी तुझी काळजी घेतेय."

"घेत होता ना. आता हिला रिकामी ठेवून काळजी घ्या."

सासूबाईंनी पट्टी काढली, पदराने डोळे पुसले आणि रुमाल पुन्हा भिजवून आणला.

दुखणे गेलेले नाही. महिन्यातून दोनदा येते. पण ताईंच्या झोपेची वेळ ठरली आहे, आणि आठ वाजता सुईवाला रांग थांबवून ओरडतो, "ताई, आधी पोळी, मग पेशी!" तीन महिन्यांनी सूक्ष्मदर्शक परत मिळाला, एका अटीवर. रेघ दिसली की ताईंनी हात वर करायचा आणि दुसऱ्याने तिथे बसायचे. परवा त्यांनी हात वर केला. मोठे सर स्वतः येऊन बसले. विनोद केला नाही.

मित्रांनो, इतर वस्तू तुम्हाला विनवतात, आम्हाला जपा, आम्हाला वापरा. माझी विनवणी उलटी आहे. घरात कुणी डोके धरून बसले तर आधी दिवा मालवा, आवाज कमी करा, आणि त्याचे म्हणणे खरे माना. ते दुखणे पुन्हा पुन्हा आले तर त्याला डॉक्टरकडे न्या आणि गोळ्यांचे दिवस मोजा. आणि मायेपोटी मला भरायला हात पुढे झालाच, तर तो तिथेच थांबवा. मला गंज चढला तरी चालेल.