साबण खालून, पाणी वरून

माझी सून पॅकिंगच्या कारखान्यात आठ वर्षं उभी राहून खोकी चिकटवत होती. एक दिवस उठली आणि पाण्याच्या प्रेशरचं मशीन घेऊन घरी आली. पिवळं, चाकांचं, लांबलचक पाइपाचं. लोकांच्या भिंती, फरश्या, फाटकं धुऊन द्यायचा धंदा करणार म्हणे. दुकानदाराने महिन्याची मुदत दिली होती, जमलं नाही तर मशीन परत. कारखान्याच्या मुकादमानेही महिनाभर तिची जागा राखली होती. म्हणजे एक पाय इकडे, एक पाय तिकडे. अशाने चालता येत नाही, पडता तेवढं येतं.

माझा लेक ट्रकवर, पंधरा पंधरा दिवस घराबाहेर. मग हिच्याबरोबर जायचं कोणी? मीच. तिला वाटत होतं मी पाइप धरायला येतेय. मी देखरेखीला चालले होते.

पहिलं मोठं काम दातांच्या डॉक्टरीणबाईंचं. दवाखान्याची रस्त्याकडची भिंत, दोन माणसं उंच, शेवाळाने काळीहिरवी. बाई म्हणाल्या, "ही नीट झाली तर मागची इमारतही तुम्हालाच देईन." सुनेने मला कोपराने ढोसलं. काम साधलं तर मशीन राहणार, फसलं तर पुन्हा खोकी. तोंडाने बोलली नाही ती, पण आदल्या दिवशी कारखान्याचा एप्रन धुऊन घडी घालून ठेवत होती. मला काय दिसत नाही?

सकाळी दहाला सुरुवात केली. साबणाचं पाणी मारायला ती भिंतीच्या तळाशी वाकली.

"अगं, खालून काय सुरू करतेस? घाण वरून खाली येते की खालून वर जाते?"

"आई, मशीनच्या पुस्तकात लिहिलंय, साबण खालून वर लावायचा."

"पुस्तक लिहिणाऱ्याने कधी भिंत धुतली होती का? जन्मभर मी माळ्यापासून सुरू करून उंबऱ्याशी संपवत आले. माझे केस उन्हात पांढरे नाही झाले!"

ती गप्प झाली. आमच्या घरात माझ्यापुढे गप्प व्हायची रीत आहे आणि ती मीच घातलेली आहे. तिने वरून साबण मारला. कोरड्या काळ्या भिंतीवरून ओघळ सरसर उतरले. "बघ कसं उतरतंय," मी म्हटलं. वर आणखी शहाणपण, "आता जरा टेक. साबण मुरू दे." समोरून ऊन भाजत होतं. साबण मुरला नाही, वाळला.

धुऊन झाल्यावर भिंत सुकली आणि वरपासून खालपर्यंत पांढरे पट्टे उमटले. मळक्या तोंडाचं पोर रडून गाल न पुसता उभं राहावं तशी दिसत होती मेली.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "मी धुवायला सांगितलं होतं, रेघोट्या मारायला नाही. शुक्रवारपर्यंत दुरुस्त करा, नाहीतर रंगाऱ्याला बोलावते."

घरी आल्यावर सून भांडेल असं मला वाटलं होतं. भांडली असती तर मी जिंकले असते, भांडणात मला कोण हरवणार? पण तिने मशीन पुसलं, पाइप गुंडाळला आणि म्हणाली, "उद्या परत देऊन येते."

सकाळी ती उठायच्या आत मी मशीन ओढत परसात नेलं. आमच्या न्हाणीघराच्या भिंतीलाही शेवाळ होतंच. ती धावत आली.

"वाच," मी म्हटलं.

"काय?"

"ते पुस्तक. साबणाचं पान. मोठ्याने."

तिने वाचलं. कोरड्या भिंतीवर ओघळ आला की तेवढाच पट्टा जास्त धुतला जातो. म्हणून आधी भिंत भिजवायची, साबण खालून लावत वर जायचं, म्हणजे ओघळ साबणावरच पडतो. उन्हात वाळू द्यायचा नाही. स्वच्छ पाणी मात्र वरून.

"हे काल का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं."

"जोरात सांगायचं."

"तुमच्यापुढे?"

"बरं," मी म्हटलं, "चूक माझी. एकदा म्हटलंय, पुन्हा म्हणायला लावू नकोस."

दोन दिवस तिने ती भिंत धुतली. अर्धी माझ्या पद्धतीने, अर्धी पुस्तकाच्या. माझ्या अर्ध्याकडे मी बघितलंच नाही. नळीचं तोंड फार जवळ नेलं की गिलावा उडतो, फार लांब धरलं की शेवाळ हलत नाही. मधलं अंतर तिच्या हातात बसेपर्यंत ती थांबली नाही.

शुक्रवारी भिंतीवर सावली आल्यावर पोचलो. आधी फाटकामागच्या कोपऱ्यात हातभर जागा धुऊन, सुकवून बघितली. मग भिंत भिजवली. तेवढ्यात डॉक्टरीणबाई दारातून म्हणाल्या, "वरून सुरू करा ना, सोपं पडेल."

माझी मान हलणारच होती.

"नाही बाई, साबण खालूनच," सून म्हणाली. "आणि आई, पाइप ताणू नका. सैल सोडा."

परक्या बाईसमोर! मला! मी पाइप सैल सोडला.

संध्याकाळी भिंत सुकली. एक पट्टा नाही. डॉक्टरीणबाईंनी बोट फिरवून बघितलं आणि आम्हाला मागच्या इमारतीकडे घेऊन गेल्या. "या लाकडी खिडक्यासुद्धा मशीनने घ्या."

सुनेने चौकटीवर नख दाबलं. "लाकूड जुनं आहे. मशीनचा मारा याला सोसणार नाही, तुसं निघतील. हे ब्रशने हातानेच करावं लागेल. दोन दिवस जास्त लागतील."

हातचं काम घालवते की काय ही!

बाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. "चालेल. सोमवारी या."

फाटकाबाहेर पडल्या पडल्या तिने मुकादमाला फोन लावला. "माझी जागा दुसऱ्या कोणाला देऊन टाका," एवढंच म्हणाली.

"आणि मशीनच्या दुकानदाराला?" मी विचारलं.

"त्याला सांगते, आणखी लांब पाइप पाठव. मागची इमारत तीन मजली आहे."

"घे लांब. पण धरणारी एकच आहे, आणि तिच्याशी नीट बोलायचं."

"बोलेन की," ती म्हणाली. "जोरात."