साक्षीदार जीवन मर्दे

चारोटीच्या नाक्यावरच्या एका हॉटेलात लाहू आणि जीवन सहा वर्षं एकाच भट्टीवर उभे राहिले. लाहू तलासरीकडच्या पाड्यावरचा, जीवन नरपडच्या मच्छीमार घरातला. परदेशात आधी जीवन गेला. वाळवंटातल्या एका लष्करी तळावर जेवण, धुलाई, साफसफाई असं सगळं काम एका खासगी कंपनीकडे होतं. तिच्या मेसमध्ये तो शिफ्टचा इनचार्ज झाला आणि वर्षभरात त्याने लाहूलाही बोलावून घेतलं. "बंदुका त्यांच्या हातात. आपल्या हातात झारा," तो फोनवर म्हणाला. लाहूची बायको रखमी त्यावर हसली आणि तिने त्याला जाऊ दिलं.

पहिले आठ महिने बरे गेले. सुट्टीच्या दिवशी जीवन आईने दिलेल्या सुक्या बोंबलांचं कालवण करायचा आणि दोघं एका ताटात जेवायचे.

सायरन वाजला की हातातलं टाकून बंकरमध्ये पळायचं, हा तिथला नियम. मार्चमधल्या एका दुपारी सायरन वाजला आणि सगळे पळाले. बंकरच्या दारात जीवन थबकला.

"तळणाचे फ्रायर चालूच राहिले," तो म्हणाला. "आग लागली तर माझ्यावर येईल. लाहू, तू पळतोस चांगला. बंद करून ये."

लाहू गेला. दोन फ्रायर बंद करून तिसऱ्याच्या बटणाला हात लावला, तोच मागच्या गोदामावर काहीतरी येऊन पडलं. जमीन हादरली आणि उकळतं तेल त्याच्या उजव्या हातावर आलं.

तिथल्या दवाखान्यात तो दोन महिने होता. जीवन रोज यायचा. एकदा पलंगाशी बसून रडला. "काय झालं ते सगळं मी लिहून देतो," म्हणाला. "तू नुसता बरा हो."

लाहू घरी परतला तेव्हा त्याची तीन बोटं एकमेकांना चिकटलेली होती. तलासरीत ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या शितलने त्याच्यासाठी कंपनीला भरपाईचा अर्ज केला. उत्तर यायला पाच महिने लागले. शितलने ते आधी मनातल्या मनात वाचलं आणि मग म्हणाली, "लाहूकाका, अर्ज नाकारलाय. लिहिलंय, सायरननंतर इनचार्जने अडवलं तरी तुम्ही स्वतःचा मोबाइल आणायला परत गेलात."

"मोबाइल गेटवर जमा असायचे. आत कोणाकडेच नसायचा."

"खाली साक्षीदाराची सही आहे. जीवन मर्दे."

लाहूने तिला ते पुन्हा वाचायला लावलं. तिसऱ्यांदाही.

दिवाळीत जीवन सुट्टीवर आल्याचं कळलं, तसा लाहू नरपडला गेला. जीवनची आई जमुना अंगणात बोंबील वाळत घालत होती. तिने त्याला चहा दिला. त्याने डाव्या हाताने कप धरला, तेव्हा तिने नजर दुसरीकडे वळवली.

"मी मोबाइल आणायला गेलो होतो?" लाहूने विचारलं.

जीवन म्हणाला, "त्यांनीच टाइप करून आणलं होतं. मी फक्त सही केली."

"वाचलं नव्हतंस?"

"वाचलं होतं." त्याने मान खाली घातली. "मी पाठवलं म्हटलं असतं, तर मलाही हाकललं असतं. तुझा हात काही परत आला नसता."

"मग आता खरं लिहून दे."

"माझ्या कराराचं एक वर्ष राहिलंय. ते झालं की देतो. आईची शपथ."

"माझी शपथ घालू नकोस," जमुना तिकडूनच म्हणाली.

जीवन उठून लाहूजवळ आला. "मी तुझ्या घराला विसरलो नाही रे. हिरूला लावलाच ना मी कामाला? तुझ्याच जागेवर."

लाहू बघतच राहिला. हिरू त्याचा धाकटा भाऊ. दोन आठवडे तो वापीला काम शोधतोय, असं घरी सांगून जात होता. लाहूने चहा तसाच ठेवला आणि निघाला.

हिरू घरीच होता. लाहूने विचारल्यावर त्याने काही लपवलं नाही.

"जीवनदादाने तुला सांगू नको म्हटलं."

"त्याने काय लिहिलंय ते माहीत होतं तुला?"

"होतं. शितल बोलली होती." हिरू नखाने भिंतीचं सारवण खरवडत राहिला. "कंपनीने माझ्याकडून पण एक कागद घेतला. घरच्यांची काही तक्रार नाही, म्हणून."

"आणि तू दिलास?"

"दादा, इथे काय आहे मला?"

रखमी चुलीपुढून उठून दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली, पण भांडण झालंच नाही.

पुढच्या बुधवारी डहाणू रोड स्टेशनला जायला जीप आली. हिरू बॅग घेऊन दारात थांबला. लाहू आत पाठ करून बसलेला होता. हिरूने दोनदा हाक मारली. जीपवाल्याने हॉर्न दिला, तेव्हा रखमीनेच त्याला जायला सांगितलं.

त्याच आठवड्यात लाहूने शितलकडून दुसरा अर्ज लिहून घेतला, या वेळी सरकारी कार्यालयाला. त्यात फ्रायर, बंकरचं दार आणि जीवनचे शब्द जसेच्या तसे घातले. हिरूने दिलेल्या कागदाचं काय लिहायचं, हे तिने विचारलं.

"तेही लिही," लाहू म्हणाला. "भावाने दिलाय, असंच लिही."

डाव्या हाताने सही करायला त्याला बराच वेळ लागला.