पाणी पोचायची वेळ

नवरा सोडला त्याला अकरा वर्षं झाली, सासूबाई काही सोडवल्या नाहीत. दर वर्षी मेच्या शेवटी नदीवर पिवळ्या माश्या उठायला लागल्या की आम्ही दोघी तीन दिवस ट्राउट मासे धरायला जातो. एक दिवस होल्स्टन नदीवर, दोन दिवस वटॉगावर. घटस्फोटानंतर सासूबरोबर कसली सहल, असं मला दुकानातल्या बायका विचारतात. मी सांगते, घटस्फोट मी रॉसला दिला होता, त्याच्या आईला नाही.

यंदा निघायच्या आदल्या दिवशी त्याच रॉसचा फोन आला. तो नॉक्सव्हिलला, शहरात असतो. आईला आपल्याकडे न्यायचं त्याच्या मनात होतं. वय अठ्ठ्याहत्तर, नदीकाठचं एकटं घर, आणि एवढ्यात दोनदा त्यांनी चुलीवर बीन्सचं पातेलं जाळलं होतं. तो म्हणाला, तू तीन दिवस तिच्याबरोबर आहेस, नीट बघ. ती एकटी राहू शकते की नाही, ते खरं खरं सांग, तू म्हणशील तसं करीन. सव्वीस वर्षांच्या ओळखीत माझं ऐकायचं त्यानं पहिल्यांदाच कबूल केलं, ते नेमकं ह्या बाबतीत.

होल्स्टनवरचा दिवस छान गेला. सासूबाई छातीपर्यंतची रबरी विजार चढवून, काठी टेकत, माझ्या आधी पाण्यात उतरल्या. गळाची, तांदळाच्या दाण्याएवढी पिसांची खोटी माशी दोऱ्याला बांधता येईना, तेव्हा म्हणाल्या की हल्ली दोरे फार बारीक करतात. मी बांधून दिली. पण ती माशी पाण्यावर टाकावी त्यांनीच. मनगट एकदा मागे, एकदा पुढे, आणि माशी अशी उतरायची की जणू तिला स्वतःलाच तिथं बसायचं होतं. माझ्या लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी मला इथंच उभं केलं होतं. रॉसला पाणी फक्त ग्लासात आवडायचं, त्यातही बर्फ असेल तर. तेव्हा मुलगा फुकट गेला, सून तरी कामाला येते का बघू, असं म्हणून त्यांनी माझ्या हातात गळाची काठी दिली. मी पहिल्या तासात गळानं स्वतःची टोपी धरली, दुसऱ्या तासात त्यांची. दुपारी काठावर बसून टोमॅटोचे सँडविच खाताना त्या एवढ्या हसल्या, की मला वाटलं, ह्या घरात आपलं बरं चालेल. घराबद्दल चुकले, त्यांच्याबद्दल नाही.

ह्या खेपेलाही टोमॅटोचेच सँडविच होते, आणि मी मनातल्या मनात त्यांना मार्क देत होते. मोटेलची किल्ली जागेवर ठेवली, एक. गोळ्या वेळेवर घेतल्या, एक. तोच टोपीचा किस्सा दोनदा सांगितला, तो मी मोजला नाही. परीक्षा घेणारी मीच होते आणि कॉपी करणारीही मीच.

आमच्या ह्या दोन्ही नद्या धरणांखालच्या. तळ्याच्या बुडातलं पाणी सोडतात, ते भर उन्हाळ्यात हाडं गोठवतं, म्हणून तर ट्राउट इथं जगतात. वटॉगाच्या तळ्याखाली सासूबाईंचं गाव आहे. त्या अकरा वर्षांच्या असताना ते धरणासाठी उठलं. दुसऱ्या दिवशी वटॉगात पाय घालताना, नेहमीसारखंच, त्या म्हणाल्या की आमच्या तळघरातनं आलंय, म्हणून एवढं गार. तिथं त्यांची आई दुधाची मडकी ठेवायची.

धरणाचं दार कधी उघडणार, ते फोनवर कळतं. पण ते पाणी कुठल्या वळणाला किती वेळानं पोचेल, हे ज्याचं त्याला ठाऊक असावं लागतं. सासूबाईंना दोन्ही नद्यांची प्रत्येक वळणाची वेळ पाठ. गळ टाकायला आलेले दाढीवाले गडी टोपी काढून त्यांना विचारायचे. आणि तरीही, पाण्यात शिरण्याआधी काठावरचा एक कोरड्या माथ्याचा दगड हेरून ठेवायचा, हे त्यांनीच मला शिकवलं. माथा भिजला की मासा असो, नसो, बाहेर.

त्या दिवशी दार बाराला उघडणार होतं. आम्ही चर्चमागच्या उथळ पात्रात साडेबाराला उतरलो. मी पाणी पोचायची वेळ विचारली. त्या म्हणाल्या, "अडीच तास लागतात इथं यायला. आरामात."

मला कुठंतरी टोचलं. ह्या वळणावर एवढी सवड आम्हाला कधी मिळाल्याचं आठवेना. पण मी बोलले नाही. सव्वीस वर्षांत त्यांची वेळ चुकली नव्हती, हे एक कारण. विचारलं आणि त्यांना उत्तर आलं नाही, तर तो मार्क मला कापावा लागला असता, हे दुसरं. दोन्हींत खरं ते हे दुसरं.

सव्वा वाजायच्या सुमाराला पाण्यावरून पालापाचोळा यायला लागला. मी मागं वळून पाहिलं. माझ्या दगडाचा माथा दिसत नव्हता, दगडच दिसत नव्हता. सासूबाई पलीकडच्या बाजूला, माझ्यापासून तीस पावलांवर होत्या. मी हाक मारली.

"आई, निघा. पाणी आलं."

"कसलं आलंय. तास आहे अजून. गप्प राहा, वर येतोय तो."

खरोखर एक मोठा मासा त्यांच्यासमोर तोंड काढत होता. त्या त्याच्याकडेच बघत होत्या आणि पाणी त्यांच्या मांडीवरून कमरेला आलं होतं. मी गेले. कशी गेले ते नीट आठवत नाही, पायाखालचे गोटे सरकत होते एवढं आठवतं. त्यांच्या कमरेचा पट्टा मुठीत धरला आणि जवळचा म्हणून पलीकडचाच काठ गाठला. दोघी गवतावर पडलो. आमची गाडी समोरच्या काठाला, मधे तपकिरी पाणी भरधाव, आणि मागे कुंपणाआड कुणाच्या तरी गाई आमच्याकडे बघत उभ्या.

त्या उठून बसल्या. मग बोटांवर काहीतरी मोजलं, ओठ हलले.

"सव्वा तास," म्हणाल्या. "इथं सव्वा तास. अडीच ती होल्स्टनची."

"होतं असं."

"माझं होत नाही." त्यांनी विजारीतलं पाणी ओतलं. "रॉसनं तुला काय विचारलंय?"

मी माझ्या विजारीचे पट्टे सोडायला लागले.

"नेड्रा, मी वेळ विसरले असेन, तुझा चेहरा ओळखायला विसरले नाही. दोन दिवस माझ्याकडे परिचारिकेसारखी बघते आहेस."

मी सांगितलं, सगळं. मार्कांचंसुद्धा. त्यांनी विचारलं, किती झाले. मी म्हटलं, कालपर्यंत पहिला नंबर होता.

पुलावरून फिरून गाडीपर्यंत यायला, ओल्या विजारीत, दीड तास लागला. गाडीत बसल्याबरोबर त्यांनी माझा फोन मागितला आणि मी काही म्हणायच्या आत रॉसला लावला. सांगितलं, आज मी एका नदीची वेळ दुसरीला लावली, हिनं मला वासरासारखं ओढून बाहेर काढलं, आता काय ते हिच्याशी बोल. आणि फोन माझ्या मांडीवर टाकून खिडकीबाहेर बघायला लागल्या.

मी रॉसला खरं तेच सांगितलं. त्या एकट्या नदीत उतरू शकत नाहीत, पुन्हा उतरणारही नाहीत. घरात राहू शकतात. बीन्स मीही जाळते, तुला माहीत आहे. शनिवार-रविवार मी येऊन राहीन. तो म्हणाला, हिवाळा लागेपर्यंत बघू. मग थोडं थांबून म्हणाला, थँक यू. हेही पहिल्यांदाच.

"हिवाळ्यापर्यंत म्हणाला ना," सासूबाई म्हणाल्या.

"हो."

"म्हणजे हिवाळ्यात नॉक्सव्हिल." त्यांनी नाक पुसलं. "तिथं नदीवर काय, नुसत्या बोटी."

मी गाडी चालू केली. नाही म्हणता आलं असतं. नाही म्हटलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी त्यांची घडीची खुर्ची त्याच वळणावर काठाला मांडली. त्यांनी हातात घड्याळ धरलं, पायाशी कॉफीचा थर्मास. सव्वा तास, असं दोनदा मोठ्यानं म्हटलं. मी पाण्यात उतरले तशा सूचना सुरू झाल्या. डावीकडे टाक. एवढं नाही. झाड धरायला आली आहेस का. मनगट, मनगट, खांदा कशाला घालतेस, कुऱ्हाड आहे का ती. मी म्हटलं, आई, पाण्यावर लक्ष ठेवा, माझ्यावर नको. त्या म्हणाल्या, पाण्याला शिकवायची गरज नाही.

मग सूचना थांबल्या. वळून पाहिलं तर हनुवटी छातीवर टेकलेली, घड्याळ मांडीवर उपडं, आणि पहारेकरीण घोरत होती. समोर पिवळ्या माश्या उठत होत्या. मधल्या खोल धारेत ट्राउट एकामागून एक तोंडं काढत होते. सगळे हाताच्या अंतरावर.

मी दोरी गुंडाळली आणि वीस पावलं काठाकडे सरकले. तिथं मासे नव्हते. घोरणं मात्र नीट ऐकू येत होतं.