काढ, आत्ता काढ!

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कढई आहे आणि सध्या माझं डोकं फिरलेलं आहे. सिंकखाली, फिनाइलच्या बाटलीशेजारी उपडं पडून राहिल्यावर तुमचंही फिरलं असतं!

लोहाराने मला ठोकून ठोकून घडवलं. या घरातल्या आईंनी वर्षानुवर्षं माझ्यात कांदा तळला. सोनेरी, कुरकुरीत! भातावर भुरभुरवा, अंड्यावर घाला, वाटून रश्शात टाका, रस्सा दाट झालाच समजा. आई गेल्या आणि त्यांच्या लेकीने, ताईने, मला हद्दपार केलं. का, तर म्हणे, "तळलेलं म्हणजे नुसतं तेल!" अहो, कांदा तेल पितो, मान्य. तळताना थोडं जीवनसत्त्वही जातं, तेही मान्य. पण वाडगाभर खा असं म्हणतंय कोण? चिमूटभराने जेवणाला चव येते की नाही?

इकडे ताईचे बाबा मोठ्या आजारातून उठलेले. डॉक्टरांनी बजावलं होतं, वजन आणखी उतरलं तर पुन्हा भरती करावं लागेल. आणि ताई रोज पुढ्यात काय ठेवणार? उकडलेला दुधी! बाबा ताट सरकवून भिंतीकडे तोंड करायचे. एकदा मात्र पुटपुटले, "भातावर जरा तळलेला कांदा असता तर..."

तेव्हा कुठे बाईसाहेबांना माझी आठवण झाली. गॅस मोठा केला, कांदा चांगला तपकिरी होईपर्यंत ढवळत बसली आणि मग काढला. ताटलीत पाहते तर कोळसा! पुन्हा तळला, पुन्हा कोळसा. मी तडतडून सांगतेय, पण ऐकतंय कोण?

जळका वास खोलीपर्यंत गेला तसे बाबा भिंत धरत धरत आले. तिसरा घाणा चालू होता.

"गॅस बारीक कर. हं, काढ, आत्ता काढ!"

"बाबा, अजून पिवळाच आहे."

"पिवळाच काढायचा. बाहेर आला तरी आतल्या गरमीने रंग चढत राहतो. तुझी आई असाच काढायची."

ताटलीत तो सोनेरी झाला. बाबांनी भात संपवला आणि वर आणखी मागितला.

आता तरी माझे हाल संपावेत? छे! ताईने मला धुतलं आणि ओलंच ठेवून दिलं. मित्रांनो, लोखंडाला पुसून तेलाचा हात लावायला असा कितीसा वेळ लागतो?

"अगं, गंजेल ती! पुस आधी!" बाबा खोलीतून कडाडले.

कित्येक दिवसांत त्यांचा आवाज ओट्यापर्यंत पोहोचला नव्हता. ताईने मला पुसायला घेतलं. एका हाताने मला पुसत होती, दुसऱ्या हाताने डोळे.

"ओरडा, बाबा," ती म्हणाली, "आणखी ओरडा."