तळ्याचा पत्ता

ताट वाढून ठेवलंय आणि घरातला माणूस मोबाईलमधून मान वर काढत नाही, हे आज कुणाच्या घरात घडत नाही? शिरूरच्या संघर्षच्या घरातही त्या रविवारी तेच चाललं होतं.

संघर्ष सणसवाडीच्या एका कारखान्यात नोकरीला. नाद एकच, पक्ष्यांचे फोटो काढण्याचा. इनामगावच्या अलीकडे माळाच्या पोटात एक लहानसं तळं आहे. थंडीत तिथं लांबच्या मुलखातून रानबदकं उतरत. फार बुजरी जात! माणसाची सावली हलली तरी अख्खा थवा उठून जायचा. म्हणून संघर्ष सकाळी सकाळी जाऊन काठच्या उंच पाणकणसाच्या गवतात पोटावर पडून राहायचा. हुडहुडी भरली तरी हलायचा नाही. हळूहळू बदकं जवळ येऊ लागली, आणि अखेर त्याला मनाजोगता फोटो मिळाला. कोवळ्या उन्हात टोकदार शेपटीचा नर आणि त्याला खेटून पोहणारी मादी.

त्या रविवारी फोटो फेसबुकवर टाकताच वाहवा सुरू झाली. जो तो विचारू लागला, "जागा कुठली?"

"सांगू नका हं," त्याची बायको करुणा म्हणाली. ती शाळेत शिकवायची. "तुम्ही पोटावर पडून राहता. येणारा परतेक जण राहील का?"

"अगं, लोकांना निसर्गाची आवड लागंल. लपवून काय करायचं?"

"आवड निसर्गाची हाय, का सोताच्या नावाची?"

हे त्याला झोंबलं. त्याने तिच्यादेखत फोटोखाली तळ्याचं लोकेशन टाकलं.

पुढच्या रविवारी तो पोचला, तर बांधावर गाड्यांची रांग! कुणी पाण्यात उतरून सेल्फी घेत होतं, कुणाचा ड्रोन थव्यावर घोंघावत होता. दौंडहून आलेला विश्वजीत नावाचा हौशी फोटोग्राफर मित्राला ओरडून सांगत होता, "बसलेल्या बदकांचे फोटो काय कामाचे? उडव त्यांना!"

"अहो, नका!" म्हणत संघर्ष धावला. तोवर सुतळी बॉम्ब फुटला.

अख्खा थवा एकदम उठला. घाबरलेली पाखरं वाट फुटेल तिकडे सुटली आणि त्यातली काही माळावरच्या विजेच्या तारांवर आदळली. कॅमेरे खटाखट वाजतच होते. एक मादी संघर्षच्या पुढ्यात पडली. पंख मोडलेला, चोच उघडी. त्याने तिला उचललं. तिचं ऊर तळहातावर धडधडलं, आणि मान कलंडली.

विश्वजीत हसत जवळ आला. "तुम्हीच ना संघर्षदादा? तुमच्यामुळं जागा कळली. लई उपकार झाले बघा!"

संघर्षने हातातल्या मादीकडे पाहिलं. याला दोष द्यावा, तर याला बोलावलं कुणी?

घरी येऊन त्याने करुणाला सगळं सांगितलं. "मीच मारली गं ती!"

करुणा कडू बोलली, पण खोटं बोलली नाही. "फटाका त्यांनी लावला, ते पाप त्यांचं. पर वाट आपण दावली. रानातल्या जिवानं आपल्याला जवळ येऊ दिलं, तर त्याचं घर चारचौघांत मांडायचं नसतं."

त्याने लोकेशन काढून टाकलं. वन खात्याकडे तक्रार दिली. घडलेलं सगळं स्वतःच्या चुकीसकट लिहिलं. लोक म्हणाले, "चार बदकांसाठी केवढं रडगाणं!" पत्ता तर केव्हाच गावोगावच्या ग्रुपांवर पसरला होता. तो कसा पुसणार?

त्या हिवाळ्यात बदकं परतली नाहीत. पुढच्या हिवाळ्यातही नाहीत. पाण्यावर आता पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्या तरंगतात. संघर्ष आता करुणाच्या शाळेत जाऊन मुलांना ही हकीकत सांगतो.

बंधुभगिनींनो, एखादा बुजरा जीव कुठं राहतो हे ठाऊक असणं ही मिरवायची गोष्ट नाही, ती जबाबदारी आहे! आपल्या घटकाभराच्या कौतुकासाठी त्याचं घर उघडं करू नका. उठून गेलेला थवा माफी ऐकायला परत येत नाही.