बाळंतिणींची शेगडी

मी पोशीर गावची एक जुनी लोखंडी शेगडी आहे. मित्रांनो, खरे सांगते, मी आता फार थकले आहे.

नेरळच्या एका लोहाराने मला घडवले. पोटात जाळी, खाली राख काढायला छोटी खिडकी. बाळंतिणीला आणि बाळाला शेकायचे, हेच माझे काम. मी आनंदीबाईंच्या घरची, पण गावात कुठेही पाळणा हलला की मला मागणी यायची. परत येताना माझ्या पोटात नारळ असायचा. त्या नारळाचा मला भारी तोरा होता.

यंदा आनंदीबाईंची लेक रिया माहेरी बाळंत झाली. थंडी कडाक्याची होती. रियाचा भाऊ मनोज कळंबच्या एका रिसॉर्टवर कामाला आहे. तिथे त्याने बंद दाराची, नळीची शेगडी पाहिली होती.

"आये, तिची नळी भिंतीतून भायेर जाते. तशीच आणू," तो म्हणाला.

"नव्या भिंतीला भोक पाडतोस काय रं? घरची शेगडी मेली नाय अजून. तुमी दोघं हिच्यावरच वाढलात!"

मी सुखावले. तिथेच माझे चुकले.

पूर्वीची घरे कौलारू होती. निखाऱ्यांचा जहरी वायू कौलांच्या फटींतून निघून जाई. आता वर स्लॅब आणि खिडक्यांना सरकत्या काचा. आनंदीबाईंनी मला निखाऱ्यांनी भरून रियाच्या बाजेखाली ठेवले; वारे लागू नये म्हणून काचा लावल्या, फटींत चिंध्या कोंबल्या, दार ओढून घेतले आणि त्या डिंकाचे लाडू वळायला गेल्या. खोलीत धूर औषधालाही नव्हता. पण तो वायू डोळ्यांना दिसत नाही. "आये, डोकं लई जड झालंय गं," रिया पुटपुटली आणि गप्प झाली. मग बाळही रडायचे थांबले. मला ओरडता येत नव्हते.

जेवायला आलेल्या मनोजने दार ढकलले. दोघांना उचलून त्याने अंगणात नेले. किती वेळाने कोण जाणे, बाळ रडले. तसले गोड रडणे मी कधी ऐकले नव्हते.

दोन दिवस दवाखान्यात राहून मायलेकरे घरी आली. भिंतीला भोक पडले, नळीची शेगडी बसली. मी परसात, शेवग्याखाली.

काल शेजारच्या मोरूची आई बाळंत सुनेसाठी मला मागायला आली.

"नाय गं," आनंदीबाई म्हणाल्या. "मनोजला सांगते, तो नळीवाली आणून देईल. ही दमली आता."

ती गेल्यावर आनंदीबाई परसात आल्या. माझ्यावरची पाने त्यांनी झाडली आणि माझ्या पोटात नारळ ठेवला.

मित्रांनो, शेगडी निवडताना आधी आपले घर बघा, धुराला आणि न दिसणाऱ्या वायूला बाहेर जायला वाट आहे का ते बघा. आणि मला मागायला आता कुणी येऊ नका.